बर्फ वाचणारे सावंतकाका

मस्कतमध्ये बौशरच्या मॉलमधल्या आइस रिंकवर दर सव्वा तासाने भोंगा वाजायचा. पोरं बाहेर यायची, आणि बर्फ पुसायची गाडी आत जाण्याआधी एक बुटका माणूस एकटाच आत शिरायचा. डोक्याला माकडटोपी, अंगात जाड जॅकेट, पायात रबरी बूट आणि हात पाठीमागे बांधलेले. कमरेत वाकून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा बर्फ बघत फिरायचा. कुणाचं तरी कानातलं हरवलंय आणि याच्यावर शोधायची पाळी आलीय, असं वाटावं. मध्येच उकिडवा बसायचा, बोटाने एखादी रेघ चाचपायचा, मान हलवायचा, पुढे सरकायचा. यात सहा-सात मिनिटं सहज जायची आणि तोवर आम्ही आया थंडीत पाय आपटत उभ्या.

मुक्ताला घेऊन मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. माझा स्वभाव पहिल्यापासून भांडखोर, त्यात माबेल्याहून पाऊण तास गाडीत बसून आलेले. मी नवऱ्याला म्हटलं, "या माणसाचं काय हरवलंय ते एकदा मिळू दे बाई, म्हणजे आपला नंबर लागेल." मस्कतमध्ये मराठीत कुणाला काय कळतंय, ही माझी समजूत. तो माणूस बर्फावरूनच वळला.

"हरवलेला काय नाय, वयनी," तो म्हणाला. "लिवलेला वाचल्याबगर पुसूचा नाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कठड्यापाशी येऊन त्याने मुक्ताच्या पायांकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "बूट एक नंबर लहान घातलाय पोरीला. बदला." बूट खरंच चावत होता. ती मघापासून सांगत होती आणि मी "होईल सवय" म्हणत होते.

हे सावंतकाका. कुडाळकडचे. मराठी बोलायचे ते आमच्यासाठी जरा इस्त्री करून, पण जीव लागला किंवा वैतागले की मालवणी बाहेर यायची. आयटीआयमधून फ्रिजचं काम शिकले आणि मालवणच्या बंदरात मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात लागले. मग ओमानला आले, आधी निझव्यात एसी दुरुस्त केले, आणि रिंक उघडली तशी तिथे आले ते आलेच. बर्फाचं मशीन, पाण्याचे पाइप, बुटांच्या पात्यांना धार लावणं, सगळं त्यांच्याच हाती. "थंय बर्फ बांगड्याक लागा, हय पोरींका," असं म्हणून स्वतःच हसायचे. बर्फ पुसायच्या गाडीला ते म्हस म्हणत. हळू चालते, पाणी फार पिते आणि बसली की उठत नाही, म्हणून म्हस. स्वतः मात्र त्यांनी एकदाही स्केटचे बूट घातले नव्हते. "माका भय वाटता," म्हणायचे. भर जुलैत पार्किंगमधून माकडटोपी घालून चाललेला तो माणूस बघून मॉलचे सिक्युरिटीवाले हसायचे, त्यांनाही ते हात करायचे.

बर्फ वाचणं म्हणजे काय ते मला हळूहळू कळलं. स्केटच्या पात्याला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. मूल कोणत्या धारेवर सरकलं, कुठे घाबरलं, उडी मारून एका पायावर उतरलं की गुपचूप दुसरा पाय टेकवला, हे सगळं बर्फावर उमटलेलं असतं. कोच वरून बघतात, आया मोबाइलमधून बघतात. सावंतकाका खाली बघायचे. एकदा मुक्ताच्या रेघेपाशी बसून म्हणाले, "हिचो डावो पाय घाबरता." महिन्याभराने डॉक्टरांनी डाव्या घोट्यात सूज दाखवली. दुसऱ्या एका मुलीच्या आईला त्यांनी सांगितलं होतं, "मॅडम, आपका बच्ची का मन नहीं है, लाइन में दिखता है." ती बाई रागावली, पण मुलगी चित्रकलेला जायला लागली ती अजून मजेत आहे. कुणी वाद घातला की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं असायचं. "बर्फ खोटा बोलना नाय. माणूस बोलता."

आता माझ्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुण्यात मी बँकेत चांगल्या हुद्द्यावर होते. नवऱ्याला ओमानची नोकरी लागली, दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि दोनाची बारा झाली. माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला. माबेल्याच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसायचे, मी मोजले होते, एकवीस. बाहेर पडावं तर ऊन असं, की दाराची कडी हाताला भाजायची. मस्कत देखणं आहे, माणसं भली आहेत, तक्रार करायला जागा नाही. तक्रार करायला जागा नसली की माणूस जास्तच कोंडतो. मग मुक्ता स्केटिंग करायला लागली आणि मला नोकरी मिळाली. वेळापत्रक, व्हिडिओ, कोचशी भांडणं, आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप. ती बर्फावर गिरकी घ्यायची तेव्हा त्या खिडक्या नसलेल्या हॉलमध्ये मला वाटायचं, सुटलो. ती सुटत होती की नव्हती, हे मी विचारलं नाही.

कोंडलेले सावंतकाकाही होते. त्यांना घरी जायचं होतं. चार वर्षांत तीनदा त्यांनी राजीनामा दिला होता आणि तीनही वेळा मॅनेजर म्हणाला होता, माणूस मिळेपर्यंत थांब, पुढच्या महिन्यात बघू, इन्शाल्ला. "इन्शाल्ला म्हणता म्हणजे नाय म्हणता," काका सांगायचे. मशीनच्या खोलीत, त्या सगळ्या थंडीतल्या एकमेव गरम जागेत, ते भात आणि सुकटाची चटणी खात बसलेले असायचे. मी म्हणायचे, "काका, सरळ निघून जा ना, कोण धरून ठेवतंय?" ते पाइपांकडे बघायचे. "मी गेल्यार ह्येका कोण बघतला?" इतकं चोख काम केलं की त्यातून बाहेर पडायची वाटच राहिली नाही. माझ्या लक्षात आलं होतं ते, पण माझी मुलगी सरावाला येत होती आणि बर्फ चांगला हवा होता. मीही मनातून म्हणायचे, राहू देत अजून एक वर्ष.

मुक्ता सतरा वर्षांची झाली त्या वर्षी ती बातमी आली. हिवाळी ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेसाठी भारताचा संघ निवडायचा होता. त्याच्या शिबिराला आखातातल्या भारतीय मुलींमधून एकीला पाठवणार होते. फक्त एकीला. निवड चाचणी आमच्याच रिंकवर होती. शर्यतीत खऱ्या अर्थाने दोघीच होत्या, आमची मुक्ता आणि तारा. तारा मुक्ताहून वर्षाने मोठी, शांत, नीटनेटकी मुलगी. तिचे वडील रिंक चालवणाऱ्या कंपनीत वरच्या खुर्चीवर होते, म्हणजे सावंतकाकांच्या मॅनेजरचेही साहेब.

चाचणी शुक्रवारी दुपारी झाली. भारतातून आलेल्या दोन परीक्षकांनी गुण दिले. मुक्ता सगळ्यांत शेवटी उतरली. तिच्या कार्यक्रमात लुट्झ नावाची एक उडी होती. तिची गोम अशी, की उडेपर्यंत पात्याच्या बाहेरच्या धारेवरच राहायचं. ते अवघड, कारण शरीर एकीकडे वळायला बघतं आणि पाय दुसरीकडे. भ्यायलेलं मूल ऐन वेळी आतल्या धारेवर कलतं, मग उडी सोपी होते, पण ती ती उडी राहत नाही. मुक्ता उडाली, उतरली, टाळ्या झाल्या. ती पहिली आली, तारा दुसरी. मी कठड्यावर डोकं टेकून रडले. वळून बघितलं तर सावंतकाका नेहमीसारखे हात मागे बांधून आत गेलेले. लांबच्या कोपऱ्यात ते बराच वेळ उकिडवे बसले होते आणि मुक्ता त्यांच्याशेजारी उभी होती. मला वाटलं, शाबासकी देतायत. मी पेढ्यांचा डबा काढायला गाडीकडे पळाले.

रविवारी ईमेल आली. निवड ताराची झाली होती. कारण दिलं होतं, गेल्या दोन मोसमांतली एकूण कामगिरी.

मी पेटले. पहिली आलेली मुलगी घरी आणि दुसरी आलेली शिबिराला? मग चाचणी घेतली कशाला, आमची करमणूक म्हणून? ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे चाचणीचा निकाल म्हणजे निकाल, दुसरे म्हणे एका दिवसावर काय ठरतं, वर्षभराचं बघायला हवं. तेव्हा एका आईने, जिला मी कधीच आवडले नाही, माझीच जुनी ईमेल ग्रुपवर टाकली. आदल्या वर्षी आखाती स्पर्धेच्या चाचणीत मुक्ता पडली होती आणि तारा निवडली गेली होती. तेव्हा मी निवड समितीला तीन पानं लिहिली होती, की एका दिवसाच्या पडण्यावरून मुलीचं वर्ष ठरवणं अन्याय आहे, एकूण कामगिरी धरलीच पाहिजे. समितीने माझं ऐकलं होतं. या वर्षीच्या सूचनापत्रात तळाला बारीक अक्षरात ओळ होती, चाचणीचा निकाल हा निवडीचा एक भाग राहील. ती ओळ माझ्यामुळे आली होती, आणि मी सूचनापत्र तळापर्यंत वाचलं नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी माझी गत झाली, पण बोंबा मी थांबवल्या नाहीत.

अपील केलं. समितीचं उत्तर आलं त्यात आणखी एक वाक्य होतं, मुक्ताच्या लुट्झची धार संशयास्पद वाटते, व्हिडिओ अस्पष्ट आहे. बस, मला धागा मिळाला. आधी नाही सुचलं, आता सुचलं काय? म्हणजे ताराच्या बापाला खूश करायला कारणं शोधताय! आणि व्हिडिओ अस्पष्ट असला तर असू दे, बर्फावरची रेघ बघितलेला माणूस आहे माझ्याकडे. बर्फ खोटं बोलत नाही आणि तो माणूसही बोलत नाही, हे सगळ्या रिंकला ठाऊक होतं.

मी मशीनच्या खोलीत गेले. काका धार लावत बसले होते. मी म्हटलं, "काका, सुनावणीला या आणि फक्त जे पाहिलंत ते सांगा."

त्यांनी पातं नखावर घासून बघितलं. मग म्हणाले, "वयनी, माका ह्येच्यात घालू नकात."

"मॅनेजरला घाबरता?"

त्यांनी दुसरं पातं हातात घेतलं.

"काका, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आठ वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर घासलीय ती."

"म्हणानच सांगतंय," ते म्हणाले. "घालू नकात."

मी ऐकते का? दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. त्यांना म्हटलं, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यापुढे शेपूट हलवणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, तुम्ही त्यातले नाही असं वाटलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. शेवटी म्हणाले, "येतंय." घरी मुक्ता म्हणायची, "आई, सोड ना आता. इट्स ओके." जेवायची नाही, नीट बोलायची नाही, खोलीचं दार लावून बसायची. मला वाटायचं, बिचारी खचलीय. जितकी ती गप्प, तितका माझा आवाज मोठा.

सुनावणी शनिवारी सकाळी मॉलमधल्याच एका मीटिंग रूममध्ये झाली. समितीचे तिघे, त्यात रिंकचा मॅनेजर. एका बाजूला आम्ही तिघे, दुसऱ्या बाजूला तारा आणि तिचे वडील. सावंतकाका दाराजवळ उभे, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. माकडटोपी हातात होती. त्यांचं डोकं इतकं पांढरं झालंय, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "सावंत, आप रोज बर्फ चेक करते हो. उस दिन इस लड़की का मार्क देखा था? बाहर का एज था या अंदर का?"

खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. मुक्ता मात्र टेबलाकडे बघत होती.

"साब, उस दिन मैंने नहीं पढ़ा," काका म्हणाले.

मी उभीच राहिले. "काका! काय बोलताय? तुम्ही कोपऱ्यात बसला होतात, मी पाहिलंय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि शब्द न् शब्द सुटा करून म्हणाले, "मी वाचूक नाय, वयनी. त्या दिवशी न वाचताच पुसलंय."

अपील फेटाळलं. पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. समीर, माझा नवरा, हात धरत होता, मी झटकला. काय काय बोलले ते सगळं इथे लिहवत नाही. एवढं आठवतं, की म्हटलं, "बर्फात राहून राहून रक्तही गोठलंय तुमचं. एवढी वर्षं वाचत होतात ते काय, ढोंग? साहेबासमोर एक वाक्य बोलायची छाती नाही आणि म्हणे बर्फ खोटं बोलत नाही!" येणारेजाणारे थांबून बघत होते. काकांनी टोपी डोक्यावर चढवली. त्या उन्हात.

"पोरीक घेवन घराक जावा," ते म्हणाले. "भायर गरम आसा."

महिना झाला नसेल, तोच कळलं की सावंतकाकांचा राजीनामा मंजूर झाला. चार वर्षं मागून मिळत नव्हती ती सुटका आता चटकन. मी समीरला म्हटलं, "बघ, बक्षीस मिळालं." खरं कारण साधं होतं. कंपनीने गाडीसकट नवं मशीन घेतलं होतं, ते बघायला त्या मशीनवाल्यांचाच माणूस येणार होता. जुन्या माणसाची गरज संपली होती. हे मला समीरने सांगितलंही होतं, पण मला बक्षीसच हवं होतं.

जाण्याआधी ते माबेल्याला आमच्या घरी आले. बौशरहून दोन टॅक्स्या बदलून, दुपारी. मी दाराच्या भिंगातून पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. समीरने त्यांना बसवलं. मी मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं, रिकामा मिक्सर फिरवत उभी राहिले, आवाज व्हावा म्हणून. तो थांबवला तेव्हा ते गेले होते. मुक्ताचे रिंकवर राहिलेले बूट ते पात्यांना धार लावून, जुन्या पंचात गुंडाळून ठेवून गेले होते. चहा अर्धाच प्यायले होते. मुक्ता खालपर्यंत सोडायला गेली ती अर्ध्या तासाने वर आली, डोळे लाल. मी काही विचारलं नाही.

तारा शिबिराला गेली आणि तिथून परत आली, संघात तिचा नंबर लागला नाही. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. त्या संध्याकाळी मी मुक्ताला क्लासहून आणत होते, बौशर सोडलं आणि हायवेवर गाड्या तुंबलेल्या. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. मी आपली बोलतच होते. बघ, तू असतीस तर निवडली गेली असतीस. त्या सावंताने एक वाक्य बोललं असतं तर. देव बघत असतो म्हणावं. मुक्ताने एसी बंद केला.

"आई, बास," ती म्हणाली. मग तिचं ते अडखळतं मराठी, जे ती फक्त माझ्यासाठी बोलते. "माझी धार... आतली होती. काकांनी मला बर्फावर दाखवली. रेघेची शेपूट उलटी वळली होती. मी पण वाचली. मी म्हटलं, काका, प्लीज पुसा ना. ते म्हणाले, पुसतंय, पण तू वाचलंस मा? मगे झाला."

मागचा गाडीवाला हॉर्न देत होता. पुढची गाडी दोन हात सरकली होती, मला ब्रेकवरून पाय उचलता येईना.

"काका लाइड फॉर मी. आणि तू त्यांना पार्किंगमध्ये..." तिला पुढे बोलता आलं नाही. "मी तुला सांगणार होते. पण तू इतकी हॅपी होतीस. नंतर तू इतकी अँग्री होतीस. मला जागाच नव्हती, आई."

परीक्षकांच्या नजरेतून सुटलेली चूक, मी वशिल्याची ठरवलेली तारा, आणि त्या दोन्हींच्या मध्ये हा माणूस. खरं सांगावं तर पोरगी सगळ्यांसमोर उघडी पडते. मला हवं ते बोलावं तर बर्फाच्या नावाने खोटं बोलल्यासारखं होतं, ते त्यांच्याच्याने झालं नसतं. म्हणून त्यांनी स्वतःच्याच कामाला बट्टा लावून घेतला. न वाचता पुसलं, असं सांगितलं. साऱ्या आयुष्यात जे केलं नाही, तेच केलं म्हणून सांगितलं. आणि मी त्यांना भेकड म्हटलं. माबेल्याच्या वळणापर्यंत आम्ही दोघी त्या बंद गाडीत रडत होतो, आणि आजूबाजूचे ड्रायव्हर बघत होते.

फोन करायला मला चार महिने लागले. नंबर होता. रोज काढायचे आणि ठेवून द्यायचे. परक्याशी भांडायला मला क्षण लागत नाही, माफी मागायला मात्र जीभ उचलत नव्हती. काका परत त्या मालवणच्या बर्फाच्या कारखान्यात जायला लागलेत, असं समीरच्या ऑफिसातल्या एका कुडाळकराने सांगितलं. घरी बसवत नाही म्हणे.

मुक्ता कॉलेजसाठी पुण्याला जायची होती. जाण्याआधीच्या शुक्रवारी ती म्हणाली, "आई, एकदा रिंकवर नेशील?" वर्षभर तिने ती उडी मारली नव्हती. गर्दी कमी होती. ती लांबच्या कोपऱ्याकडे गेली, मागे मागे सरकत मोठं वळण घेतलं आणि उडाली. उतरली. मग तिथेच गुडघ्यांवर बसली आणि बर्फावर वाकली. मी कठड्यावरून ओरडून विचारलं, "कोणती?"

"आतली," ती हसून म्हणाली. "परत करते."

दुसऱ्यांदाही ती गुडघ्यांवर बसली. तिसऱ्यांदाही. मला तिथून सगळ्या रेघा सारख्याच दिसत होत्या. मी मोबाइल काढला आणि या वेळी ठेवून दिला नाही.

फोनच्या पलीकडे बंदरावरचा कालवा ऐकू येत होता, कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं. "कोण? वयनी? बरे आसात मा? मुक्ता कशी आसा?" एका दमात विचारलं त्यांनी. मी काही ऐकूनच घेतलं नाही. म्हटलं, "काका, मला सगळं कळलंय. मुक्ताने सांगितलं. मी पार्किंगमध्ये तुम्हाला जे बोलले ना, ते..."

फावड्याचा आवाज थांबला.

"खयचा?" काका म्हणाले. "पार्किंगातला? वयनी, मी ता वाचूकच नाय. न वाचताच पुसलंय."

मी तोंडावर हात दाबून उभी होते. इकडे भोंगा वाजला, पोरं बाहेर यायला लागली, दार उघडून नवी गाडी घुरघुरत आत शिरली. नवा ऑपरेटर आत उतरून काही बघत नाही, त्याला वेळेत काम संपवायचं असतं.

"म्हशीचो आवाज येता," काका फोनवर म्हणाले. "पोर बर्फार आसा?"

"हो. कोपऱ्यात बसलीय. रेघ बघतेय."

"मगे उब्या काय रवलात? थांबवा तेका. पोरीचा वाचून होवंदे आधी."

फोन हातात तसाच धरून मी चपलांनिशी बर्फावर उतरले, घसरत, कठडा धरत, गाडीच्या समोर जाऊन उभी राहिले. "भैया, रुको," मी म्हटलं, "पाँच मिनट." तो वैतागून घड्याळ दाखवायला लागला. मी जागची हलले नाही. कोपऱ्यात मुक्ता अजून गुडघ्यांवरच होती.